शाळांसाठी घरवेरा (घरावरचा मालमत्ता कर) वाढवायला माझा विरोध आहे, आणि का ते सांगतो

सुरसागरकाठ:
परवा गोत्रीकर यांनी इथे लिहिलं की पालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा सुधारायच्या तर बडोद्याच्या घरवेऱ्यात दहा टक्के भर घाला, आणि जो नको म्हणेल त्याला गरिबाची पोरं शिकायलाच नको आहेत. पहिल्या वाक्यावर वाद घालता आला असता. दुसऱ्याने डोकं फिरलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

शिक्षणाच्या नावाने आपण आधीच कुठे कुठे पैसे मोजतो ते बघा. गुजरातेत १९६२ पासून शिक्षण उपकराचा कायदा आहे, शहरातल्या जमिनी आणि इमारती त्यात येतात. केंद्राने २००४ साली करावर २ टक्के उपकर लावला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी म्हणून आणखी १ टक्का आला. २०१८ पासून आरोग्य जोडून ४ टक्के झाला. त्यातला माध्यमिकचा पैसा ज्या कोशात जमा व्हायचा, त्या कोशाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २०१७ मध्ये! दहा वर्षं लोक भरत राहिले आणि पैसे ठेवायला वेगळी पेटीच नव्हती. शिवाय उपकराचा वाटा केंद्राला राज्यांना द्यावा लागत नाही. म्हणजे नाव शाळेचं, आणि शाळा चालवणाऱ्या राज्याचा त्यावर हक्क नाही.

आता चौथ्या खिडकीवर उभे राहा म्हणता. माझी आई शहरातल्या वाडी भागात जुन्या घरात एकटी राहते. वेरा क्षेत्रफळावर बसतो. घर आजोबांच्या काळचं, ऐसपैस. उत्पन्न म्हणजे वडिलांची फॅमिली पेन्शन. तिला तुमची वाढ द्यावी लागणार. आधीचा हिशेब दाखवा, मग नवं बिल पाठवा.

गोत्रीकर:
तुमच्या आईंसारख्यांना सूट द्यावी, हे मी त्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. ते वाक्य तुम्ही गाळलंत.

केंद्राच्या उपकराचा राग पालिकेच्या शाळेवर का काढता? २००७ मध्ये जकात गेली, तेव्हापासून पालिकेच्या हातात स्वतःचं भरवशाचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरवेरा. बाकी गांधीनगरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. वर्गाचं छत गळलं तर पत्र लिहा, वाट बघा, पुन्हा लिहा. तोवर दोन पावसाळे जातात.

आणि हे बडोदं आहे, जरा आठवा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलं शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड व्हायचा. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला. स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी वेगळा कर बसवायची मुभा त्या बिलात होती. १९१२ मध्ये ते बिल पाडलं गेलं. पैसा कोण देणार, हा प्रश्न तेव्हाही पुढे केला गेला होता, आज तुम्ही करताय.

वाडीवाला:
गोत्रीकर, महाराजांचं नाव प्रत्येक वादात पुढे करायचं बंद करा. त्यांनी खजिन्यातून खर्च केला आणि स्वतः लक्ष घातलं. आज खजिना एकाकडे, शाळा दुसऱ्याकडे, भरती तिसऱ्याकडे.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. ह्या शाळा वाचवायच्या कोणासाठी? मराठी माध्यमाचे वर्ग बघा जाऊन. आमच्या वेळी एका इयत्तेच्या दोन तुकड्या असायच्या. आता पहिली ते पाचवी मिळून एक खोली भरत नाही. हे वेऱ्याने झालं नाही. दांडिया बझार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांनी आपली पोरं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवली म्हणून झालं. गणपतीत स्टेजवर मराठीवर भाषणं करायची आणि घरी नातवाला 'कम हिअर' म्हणायचं. पहिला दोष आपला.

मांजलपूरची आई:
वाडीवाला काका, हे मला लागलं, म्हणून उत्तर देते. मोठीला आम्ही हौसेने मराठी माध्यमात घातलं होतं, सासूबाईंचा आग्रह आणि माझीही इच्छा. तिसरीपर्यंत तिथेच होती. एका खोलीत तीन इयत्ता, तीन भिंतींकडे तोंड करून बसायच्या, आणि बाई मधे खुर्ची फिरवत. पहिलीचं अक्षर गिरवून होईपर्यंत तिसरीने गणित घेऊन थांबायचं. त्यात बाईंना मतदारयादीच्या कामाला लावलं की शेजारच्या गुजराती वर्गातल्या बाई येऊन हजेरी घेऊन जायच्या. तिसरीच्या शेवटी पोरीला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. मग काढली.

आता फी भरते. फी नियमनाच्या २०१७ च्या कायद्यात प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० ची मर्यादा धरली होती, त्यावर हवी असेल तर शाळेने समितीकडे जायचं. शाळा जातात आणि वाढवून घेतात. बस, गणवेश, वह्या वेगळ्या. हौस म्हणून देत नाही. मराठीचा खून केला म्हणणाऱ्यांनी एकदा महिनाभर माझा हिशेब मांडून बघावा.

वाडीवाला:
तुमच्यावर व्यक्तिशः नव्हतं. पण प्रत्येकीने असंच म्हणून काढली, म्हणून पट घटला. पट घटला म्हणून शिक्षक कमी केले. शिक्षक कमी म्हणून पुढच्या आईने काढली. सुरुवात कुठून झाली?

मांजलपूरची आई:
सुरुवात माझ्या पोरीपासून नाही झाली, काका. मी गेले तेव्हा तीन इयत्ता आधीच एका खोलीत होत्या. आणि तुमचा मुलगा कुठल्या माध्यमात शिकला, ते सांगा इथे.

वाडीवाला:
गुजराती माध्यमात. इंग्रजी नाही. इथे राहायचं, धंदा करायचा तर गुजराती यायला हवं. घरी मराठीच बोलतो.

मांजलपूरची आई:
म्हणजे तुम्हीही मराठी शाळेतून बाहेरच नेलात. मग माझ्यावर आवाज कशाला?

निवृत्त बाई:
दोघंही थांबा. मी समितीच्या शाळेत मराठी वर्ग शिकवले, अशी खोली मी चालवली आहे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात, पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. कागदावर हिशेब शाळेच्या पटावर होतो, माध्यमाच्या वर्गावर होत नाही. म्हणून गुजराती वर्गाला बाई पुरतात आणि मराठीच्या पाच इयत्ता एकीच्या गळ्यात येतात. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना लावता येतं. पण निवडणुकीच्या नावाखाली यादीचं काम वर्षातून कितीदा निघतं ते आम्हाला विचारा.

वेऱ्याने हे सुटणार नाही. शिक्षकांच्या पगाराचा मोठा वाटा राज्याचा. विद्यासहायकांची, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची, भरती राज्य काढतं. ११ महिन्यांच्या करारावर ज्ञान सहायक म्हणून शिक्षक नेमायचे हेही राज्यानेच ठरवलं. पालिकेने वेरा दुप्पट केला तरी मराठी वर्गाला कायमची बाई मिळत नाही.

पण पैसा लागतच नाही असंही नाही, सुरसागरकाठ. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर मी जुन्या शाळेत गेले होते. तळमजल्यावर गुडघाभर पाणी येऊन गेलेलं. वयपत्रकाची रजिस्टरं बाकांवर उघडी पसरून ठेवली होती, पानांच्या मधे वर्तमानपत्राचे तुकडे. शाई पसरलेली. जन्मतारखेचा दाखला मागायला माणसं ज्या वहीकडे येतात, ती वही अशी. वरच्या मजल्यावर एक कोरडी खोली आणि लोखंडी कपाट, एवढाच खर्च होता. तो शिक्षक भरतीतून निघत नाही, पालिकेलाच करावा लागतो.

गोत्रीकर:
बाईंनी माझंच म्हणणं मांडलं. इमारत, पाणी, संडास, कपाट यासाठी पालिकेकडे पैसा हवा.

सुरसागरकाठ:
तुमचं अर्धंच. बाईंनी हेही सांगितलं की खरी दुखणी गांधीनगरात आहेत. मग वाढीव पैसा शहराकडून का?

गोत्रीकर:
कारण गांधीनगर देईपर्यंत आजचं पोर आठवीतून बाहेर पडतं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे हेच सांगितलं होतं, की रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचा हात आखडतो.

सुरसागरकाठ:
फुल्यांचं निवेदन पूर्ण घ्या. त्यांची तक्रार अशी होती की महसूल शेतकऱ्याच्या घामातून जमतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. शेतकऱ्यावर आणखी कर बसवा असं ते म्हणाले नाहीत. जमलेला पैसा कुणावर खर्च होतो ते विचारलं आणि प्राथमिकला जास्त वाटा मागितला. मीही तेच विचारतोय.

गोत्रीकर:
ठीक आहे, हा मुद्दा मान्य. पण विचारून गप्प बसलात तर फुल्यांचं नाव घेऊ नका.

सुरसागरकाठ:
गप्प बसत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकतो: आपल्या बिलातून गोळा झालेला शिक्षण उपकर पाच वर्षांत किती, त्यातला समितीच्या शाळांच्या इमारतींवर किती, पुरानंतर कुठल्या शाळेला काय दिलं. उत्तरात पैसा खरंच कमी पडतोय असं दिसलं, तर आईसारख्यांना सोडून बाकीच्यांवर वाढ लावा, मी विरोध करणार नाही. नाही दिसलं, तर तुम्ही तुमची पोस्ट मागे घ्या.

मांजलपूरची आई:
मराठी वर्गात पहिली ते पाचवीला प्रत्यक्ष किती बाई आहेत, हाही प्रश्न त्यात घाला. शाळेचा आकडा देऊन सुटू देऊ नका, वर्गाचा मागा.

वाडीवाला:
आणि पट दर वर्षी किती घटला तेही. मला बघायचंय आधी बाई गेल्या का आधी मुलं.

निवृत्त बाई:
माध्यमवार मागा, नाहीतर एकत्र आकडा देतील. अर्ज समितीच्या नावाने आणि पालिकेच्या वेरा विभागाच्या नावाने वेगवेगळा करा. एकाच अर्जात घातलंत तर एकमेकांकडे बोट दाखवतील.