मदत हवी आहे: रिमोटचं विमान वाऱ्यात टिकत नाही, बॅटरी कोणती घेऊ?

दर्यावर्दी_रत्नागिरी
रविवारी तिसऱ्यांदा आपटलं. आधी हातातून सोडलं की दहा-बारा पावलांवर खाली बसायचं. ताकद कमी पडते म्हणून मोठी बॅटरी टाकली, तर आता नाक वर करतं, क्षणभर जागीच लटकतं आणि शेपटीवर धप्पकन पुळणीत. आता जास्त सी रेटिंगची, म्हणजे एका वेळी जास्त करंट देणारी घ्यायची म्हणतोय. ३५ सी पुरेल की ५० सी? शिमग्याला चुलतभाऊ मुंबईहून येतोय, त्याच्यासमोर शोभा नको. पटकन सांगा.

सड्यावरचा
विमान कसलं, बॅटरी किती सेलची, उडवता कुठे आणि किती वाजता? यातलं काहीच नाही. आम्ही पंचांग उघडून सांगायचं का?

दर्यावर्दी_रत्नागिरी
नेहमीचं शिकाऊ हो. फोमचं, पंख वर असलेलं, सव्वा मीटरचं. भाट्याच्या किनाऱ्यावर. बॅटरीचं सांगा ना.

आप्पा_गुहागर
बॅटरी जडच हवी. हलकं विमान किनाऱ्यावर पतंगासारखं भिरभिरतं. माझं ३ एस २२०० वर, म्हणजे तीन सेलच्या २२०० एमएएच बॅटरीवर, वारा कापत जातं. बाकी कुणाचं ऐकू नका.

सड्यावरचा
आप्पा, तुमचा हात बसलाय. जड विमान वारा कापतं हे खरं, पण हवेत राहायला त्याला वेगही जास्त लागतो. नवशिक्याने वळणात थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, जरा कमी केला की गेलं खाली. आणि सी चं गणित साधं आहे: २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, त्याला २५ ने गुणा, कागदावर ५५ अँपिअर. एवढ्या विमानाची मोटर साधारण विसाच्या आसपास ओढते. कंपन्या आकडा फुगवून छापतात हे धरलं तरी पुरे. ५० सी घेऊन काय गावजेवण घालणार?

जुगाडू
जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढा, फुकटात काम. चार्जर मी सांगतो कोणता घ्यायचा.

सड्यावरचा
ते सेल एवढा करंट देत नाहीत, गरम होऊन बसतील. आणि चार्जर विचारलाय कुणी?

कलमवाला
आमच्या हापूसच्या कलमांत माकडांनी उच्छाद मांडलाय. अशा विमानाने पळतील का? बॅटरी किती वेळ चालते?

दर्यावर्दी_रत्नागिरी
आधी ३ एस १३०० होती, विमानासोबत आलेली. आता २२००. ती पुढच्या कप्प्यात मावत नाही म्हणून पंखाच्या मागे, पोटाखाली वेल्क्रोने बांधली. जेवून जातो, दोन-अडीचला. याने काय फरक पडतो?

सड्यावरचा
अहो, हेच आधी सांगायचं! मागे वजन बांधलं, विमान शेपटीला जड झालं, नाक वर करणारच. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात दोन बोटांच्या टोकांवर तोला. नाक किंचित खाली झुकलेलं चालेल, शेपूट नको. आणि सोडता कुठल्या दिशेला?

दर्यावर्दी_रत्नागिरी
समुद्राकडे पाठ करून. पाण्यात जायला नको ना.

आप्पा_गुहागर
दुपारी अडीचला खारा वारा समुद्राकडून येतो. म्हणजे तुम्ही वाऱ्याला पाठ देऊन फेकताय. पंखाला हवा समोरून मिळतच नाही, ते बसणार नाही तर काय? इथे सड्यावरचाशी सहमत. लिहून ठेवा, रोज रोज होणार नाही.

सड्यावरचा
सकाळी सातला जा. तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून आणि मंद. मग समुद्राला पाठ करून सोडणं बरोबर ठरेल. फक्त विमान जमिनीच्या अंगालाच ठेवा, मोटर थांबली तर वारा समुद्रात नेईल. सुरूचे शेंडे डोलायला लागले की आवरा. ती जुनी १३०० परत पुढे बसवा, नवी काही घेऊ नका. पुळणीवर पडलं तर सर्व्होंतली, म्हणजे पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींतली वाळू ब्रशने झाडा, एक कण अडकला तरी दाते जातात.

आप्पा_गुहागर
२२०० पुढे बसवली असती तर दुपारीही उडालं असतं.

दर्यावर्दी_रत्नागिरी
आज सकाळी १३०० वर उडालं! पाच मिनिटं, चार फेऱ्या. शेंड्यांकडे बघा म्हणालात ते बघत होतो, तेवढ्यात सुरूच्या शेंड्यातच अडकलं. तीस फूट असेल. बॅटरी आतच आहे, लागलेली. काय करू?

सड्यावरचा
आधी रिमोट चालूच ठेवा आणि थ्रॉटल शून्यावर. चढणाऱ्याच्या हाताशी पंखा फिरायला नको.

कलमवाला
नारळ काढणारा गडी आहे आमच्याकडे, सुरूवरही चढेल. उद्या पाठवतो. पण माकडांचं कुणी बोललंच नाही.