दोन्ही हात वर, मग वाजवतंय कोण?

निशाचर: परवा पुण्यात एका इलेक्ट्रॉनिक शोला गेलो होतो. (कलाकाराचं नाव लिहीत नाही, चाहत्यांच्या शिव्या कोण खाणार?) मागे दोन मजली पडदा, लेझर, धूर आणि टेबलाआड एक माणूस. ऐन भरात गड्याने दोन्ही हात वर केले, आणि नेमका तेव्हाच आवाजावरचा फिल्टर (नॉब फिरवला की दबका आवाज खुलतो तो) हळूहळू उघडत होता. नॉब फिरवतंय कोण? २०१२ मध्ये डेडमाऊस (deadmau5) या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने स्वतःच लिहून टाकलं होतं की आम्ही सगळे 'प्ले'च दाबतो. तबलजीची निदान बोटं तरी दिसतात.

दिवेवाला: अर्धंच सांगितलंत. त्याने कारणही दिलं होतं. मी दिव्यांच्या कन्सोलवर बसतो, म्हणून सांगतो: मोठ्या शोत व्हिडिओ आणि दिवे टाइमकोडने, म्हणजे गाण्यासोबत धावणाऱ्या वेळेच्या खुणांनी, गाण्याला बांधलेले असतात. वाजवणाऱ्याला लहर आली आणि त्याने आठ मात्रा जास्त घोळवल्या, की पडद्यावरचा स्फोट भलत्याच जागी होतो. देखावा हवा तर हात बांधून घ्यावे लागतात. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने २००६ ला अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात स्टेजवर पिरॅमिड उभा केला, तेव्हा आत ते काय दाबत होते हे कोणी विचारलं? लोक अजून त्या रात्रीबद्दल बोलतात.

निशाचर: बोलतात पिरॅमिडबद्दल!

हणजूणकर: दोघांनाही एक आठवण करून देतो. आमच्याकडे गोव्यात डीजे गोवा गिल डॅट (डिजिटल कॅसेट) टेपांवर रात्रच्या रात्र वाजवायचा. टेपवर ना स्क्रॅचिंग (तबकडी मागेपुढे घासणं), ना धड बीट जुळवणं. तरी लोक सकाळपर्यंत हलायचे नाहीत. मोठा पडदा नव्हता, पण माडांमध्ये ताणलेली, काळ्या (अतिनील) प्रकाशात चमकणारी कापडं होती बरं का. देखावा तेव्हाही होताच, फक्त तो वाजवणाऱ्याभोवती नव्हता, नाचणाऱ्यांभोवती होता.

खर्जप्रेमी: +१. ऑटेकर ही ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडी तर दिवे पूर्ण मालवून वाजवतात. स्वतःचा हात दिसत नाही, कलाकाराचा काय दिसणार!

दिवेवाला: तो ऐकणाऱ्यांचा वेगळा पंथ. सगळ्यांनी अंधारात वाजवलं तर माझं पोट कसं भरायचं? :) आणि क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचं काय? चौघं एका ओळीत, ढिम्म. 'द रोबोट्स' गाण्याला तर ते स्टेजवरून निघून जात आणि जागी यंत्रमानव उभे करत. 'वाजवतंय कोण' हा तुमचा प्रश्न त्यांनी केव्हाच स्टेजवर मांडून ठेवला होता.

निशाचर: तेच तर म्हणतोय! त्यांनी यंत्र उघड दाखवलं. माझा राग दिव्यांवर नाहीच, खोट्या हातवाऱ्यांवर आहे. अल्गोरेव्हमध्ये, म्हणजे जिथे तिथल्या तिथे कोड लिहून संगीत वाजवतात त्या पार्टीत, कलाकार चालू कोड पडद्यावर टाकतात. चूक झाली, आवाज बंद पडला, तर सगळ्यांसमोर.

खर्जप्रेमी: कोड वाचत नाचायचं? धन्य आहे.

निशाचर: एकदा नाचून बघा. कंस बंद करायचा राहिला की अख्खा हॉल श्वास रोखून उभा असतो.