सकाळची फास्ट आणि आपल्यातला चिंपांझी

ठाणे_पूर्व : काल कल्याणहून आलेल्या फास्टमध्ये चढलो. खिडकीशेजारच्या सीटवर एका ग्रुपची बॅग. सत्तरीच्या एका काकांनी ती उचलायला सांगितली, तर चौघं अंगावर आले. "आमचा माणूस चढतोय ठाण्याला." तो चढला. त्याला सीट मिळाली, वर कोणाच्या तरी डब्यातला साबुदाणा वडाही.

माझं मत स्पष्ट आहे. भांडण आपल्या रक्तात आहे, संस्कार हा वरचा रंग. टांझानियातल्या गोंबे इथे 1974 ते 1978 या काळात एका चिंपांझी टोळीने आपल्यातूनच फुटून निघालेली टोळी संपवली, जेन गुडाल यांनी ते नोंदवलंय. केनियात नाटारुकला सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे 27 जणांचे अवशेष सापडले, एकाच्या कवटीत दगडी पातं रुतलेलं. तिथे तेव्हा ना शेती होती, ना राजे.

नौपाडेकर : असहमत. दाखला चिंपांझीचाच का? बोनोबो, म्हणजे चिंपांझींचे भाऊबंद वानर, आपले तितकेच जवळचे. त्यांच्या दोन टोळ्या समोरासमोर आल्या तर बऱ्याचदा एकत्र चरतात. आपली मानवजात सुमारे 3 लाख वर्षांची, आणि सामूहिक कत्तलीचे ठळक पुरावे शेवटच्या तेरा-चौदा हजारांतले. उलट इराकमधल्या शानिदार गुहेतला निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवजातीतला माणूस बघा. एक हात निकामी, एका डोळ्याने बहुधा आंधळा, तरी कित्येक वर्षं जगला. कोणीतरी सांभाळलंच ना त्याला?

ठाणे_पूर्व : लाकडी भाले कुजतात हो, पुरावा उरणार कुठून? आणि बोनोबोंना एवढं डोक्यावर घेऊ नका. 2024 च्या एका अभ्यासात त्यांचे नर चिंपांझी नरांपेक्षा जास्त वेळा एकमेकांच्या अंगावर गेलेले दिसले.

नौपाडेकर : अंगावर जाणं वेगळं, जीव घेणं वेगळं. तुमच्या त्या चौघांनी काकांना हात लावला का?

कोपरीचा_गोविंदा : इथेच खरी मेख आहे. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम आक्रमकतेचे दोन प्रकार मानतात. एक डोकं फिरलं की उसळणारी, दुसरी थंड डोक्याने, ठरवून केलेली. पहिलीत आपण चिंपांझींपुढे गरीब गाय. आठ-सव्वाआठच्या डब्यात कोपर बरगडीत, कोणाची तरी छत्री पाठीत, घामाच्या धारा, आणि तरी माणसं शिव्या देऊन गप्प बसतात. दुसरीत मात्र आपला हात कोणी धरणार नाही. रँगम यांच्या मते पूर्वी टोळीतल्या दांडगटाला बाकीच्यांनी संगनमताने संपवलं, तसं पिढ्यान्पिढ्या होत आपण माणसाळलो.

पण संगनमताला विश्वास लागतो! ती बॅग म्हणजे सहकारच होता, फक्त काकांना बाहेर ठेवून केलेला. मी सहा वर्षं खालच्या थरात होतो. खांद्यावर कोणाचा पाय आहे ते दिसत नाही, मान खाली, शेजाऱ्याच्या दंडाची पकड तेवढी कळते. पण समोरचं पथक कोसळावं असंही मनात येतं, खोटं कशाला बोलू. दोन्ही एकाच वेळी.

उपवनवाली : सगळं पुरुषांच्या डब्यातूनच बघणार का? आमच्या लेडीजमध्ये परवा एक तान्हं बाळ मुलुंड ते दादर पाच मांड्यांवरून फिरलं. आई उभी, बाळ बसलेलं! चिंपांझी आई पहिले काही महिने पिल्लू सहसा दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. टांझानियातल्या हाडझा या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या जमातीतल्या आज्या नातवंडांसाठी कडक जमिनीतून कंद खणून काढतात. सहकाराची सुरुवात शिकारीत किंवा लढाईत शोधायची सवय जुनी आहे. मला ती मुलं वाढवण्यात दिसते. (चौथ्या सीटवरून आमच्यातही झिंज्या उपटायची वेळ येते, ते कबूल.)

नौपाडेकर : +१. गोविंदा, माणसाळण्याचं म्हणाल तर पुढचा दाखला सैबेरियातल्या कोल्ह्यांचाच येणार, 1959 पासून सौम्य निवडून वाढवलेले. आधीच सांगतो, ते रानातले नव्हते. त्यांचे पूर्वज कॅनडातल्या फर-फार्मवर पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. त्यावर एवढा इमला नको.

कोपरीचा_गोविंदा : मान्य, कोल्हे मागे घेतो. दांडगट ठेवतो.

ठाणे_पूर्व : आजीचा मुद्दा पटला. "आधी मूल की आधी शत्रू" यावर मी अजून शत्रूच म्हणेन.

दुसरा_डबा : मी त्याच ग्रुपमधला. बॅग माझी. काका घाटकोपरपासून पुढे माझ्याच जागेवर बसून गेले, तुम्ही तोवर दाराकडे सरकला होतात. आणि वडा त्यांनाही दिला होता. उपास नाही म्हणून त्यांनी घेतला नाही.