स्वतःची गाडी असताना सिम्युलेटर कशाला?

जुना_गिअर:
माझे दोन मित्र पक्के गाडीवेडे. गाड्याही चांगल्या आहेत त्यांच्याकडे. तरी सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून 'असेटो कोर्सा' या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेटरमध्ये एकच वळण पुन्हा पुन्हा घेत असतात. अंगाला झटका नाही, वारा नाही, मग मजा कशात? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय.

क्लचप्लेट:
झटका नाही, मान्य. पण हाताला जे कळतं ते खोटं नसतं. फोर्स फीडबॅकचं (म्हणजे मोटरने हाताला उलट जोर देणारं) स्टीअरिंग वळणात आधी जड होत जातं आणि पुढचे टायर पकड सोडायच्या जरा आधी हलकं पडू लागतं. खऱ्या गाडीतही हेच होतं. फक्त रस्त्यावर तिथपर्यंत जाणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर लवकरच दवाखान्यात असतो. (शिवाय हल्लीच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगमधून हाताला कळतं तरी किती!) सिममध्ये त्या हद्दीवर हवं तितका वेळ रेंगाळता येतं. तुमचे मित्र त्या एका वळणावर तेच करत असणार.

मला हे व्यसन लावलं १९९८ च्या 'ग्रां प्री लेजेंड्स' या सिमने. त्यात १९६७ च्या फॉर्म्युला वन गाड्या आहेत. पंख नाहीत, म्हणजे डाउनफोर्स (हवेने गाडी रस्त्यावर दाबणारा जोर) नाही; सगळी भिस्त टायरवर आणि तुमच्या उजव्या पायावर. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचे टायर हलके पडतात आणि गाडी गर्रकन फिरते. हे वाचून माहीत होतं, पण पायाला कळलं ते तिथेच.

ढकलस्टार्ट:
पायाचा विषय निघालाय म्हणून: लोडसेलचं ब्रेक पेडल घ्या, स्टीअरिंगवर खर्च नंतर. ते पेडल किती खाली गेलं हे मोजत नाही, किती जोर लावला हे मोजतं.

हँडब्रेक:
भीती नाही हीच तर खोट आहे. रीसेट दाबला की गाडी पुन्हा कोरी. त्याला ड्रायव्हिंग कसं म्हणायचं?

क्लचप्लेट:
भीती शिकवता येत नाही, पण बाकी बरंच येतं. यान मार्डनबरो नावाचा गेमर २०११ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो' या रेसिंग गेमच्या जीटी अकॅडमीतून (गेम खेळणाऱ्यांतून खरे रेसर निवडायची स्पर्धा) निवडला गेला आणि २०१३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. अर्थात मध्ये खऱ्या गाडीतलं भरपूर प्रशिक्षण होतं, नुसत्या खेळावर कोणी पाठवत नाही.

जुना_गिअर:
बरं, मित्राकडे बसून बघतो. कुठली गाडी घेऊ?

क्लचप्लेट:
माझ्दा एमएक्स-५. ताकद कमी, मागच्या चाकांना ड्राइव्ह, चुकलात तर लगेच सांगते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) बंद ठेवा. आणि मित्र कितीही आग्रह करू देत, जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर एवढ्यात जाऊ नका. २०.८ किलोमीटरचा ट्रॅक आहे. पुढचं वळण डावं की उजवं हे आठवण्यातच जीव जाईल, टायर काय सांगतोय ते ऐकणार कधी?