चौकीचं बोलावणं आलं तर जाऊन सगळं सांगून मोकळं व्हावं की आधी वकील गाठावा?

सदाशिवपेठी मामा
माझा भाचा लातूरकडचा, इथे पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो. अभ्यासिकेतल्या एका ओळखीच्याने 'गेमिंगचे पैसे येणारेत, माझ्या अकाउंटला लिमिट लागलंय' असं सांगून ह्याचं बँक अकाउंट आणि एटीएम कार्ड वापरायला मागितलं, महिन्याला थोडे पैसे देतो म्हणाला, ह्याने दिलं. आता कळतंय त्यात कुणा फसवलेल्या माणसाचे पैसे आले होते. अकाउंट फ्रीज झालं आणि परवा इथल्याच एका पोलीस स्टेशनची नोटीस हातात पडली, बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३), सोमवारी कागदपत्रं घेऊन हजर रहा. घरात दोन तट. दाजी म्हणतात पोराने चोरी केलेली नाही, साहेबांपुढे हात जोडून पहिल्यापासून सगळं सांगायचं, वकील नेला तर साहेब उलट चिडतात. मी म्हणतो आधी वकील. तुमचं काय मत? (भाच्याला अक्कल नाही हे घरात सगळ्यांना मान्य आहे, त्यावर वेगळे प्रतिसाद नकोत.)

कर्वेरोडी
त्यावरच द्यायचा होता पण असो. दाजी बरोबर आहेत. ज्याने काही केलेलं नाही तो पहिल्याच दिवशी काळा कोट घेऊन गेला तर समोरचा काय समजणार, चोराच्या मनात चांदणं. आणि वकिलाचं मीटर एकदा पडलं की ते थांबवणं आपल्या हातात रहात नाही. तारखा, झेरॉक्स, वकीलपत्राचे तिकीट, चहा. प्रकरण जितकं लांबेल तितकं कुणाचं भलं होतं ते सांगायला नको.

टिळकरोड टपरी
आधी नोटीस खरी आहे का ते बघा राव. हल्ली पोलिसांच्या नावाने काय काय येतंय. व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती नोटीस धरायचीच नाही, सुप्रीम कोर्टाने २०२५ मधे स्पष्ट सांगितलंय की ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही. आणि नुसता फोन आला "या जरा चौकीत" तर ती पण नोटीस नव्हे.

काळा कोट, शिवाजीनगर
मी ह्याच कोर्टात प्रॅक्टिस करते, त्यामुळे कर्वेरोडींच्या मते माझं मत आधीच मीटरवालं आहे. तरी लिहिते.

पहिलं म्हणजे नोटिशीवरचं कलम बघा आणि ते दाजींना नीट समजावून सांगा. साक्षीदार म्हणून बोलवायचं असतं तर १७९ ची आली असती. ३५(३) ची येते ती ज्याच्यावर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याचा संशय आहे त्याला. म्हणजे भाचा तिथे "माहिती द्यायला" चाललेला नाही, तो संशयित म्हणून चाललाय. हे माहीत असूनसुद्धा हात जोडून सगळं सांगायचं असेल तर सांगा, पण निदान माहीत असू दे.

दुसरं, नोटीस आली ही वाईट बातमी नाही उलट बरी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ मधे बजावलं, त्याआधी कायद्यात होतंच पण कोण पाळत होतं. नोटिशीप्रमाणे हजर रहात गेलं तर अटक करता येत नाही, करायची असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. आणि गेलाच नाही तर मात्र तेच अटकेचं कारण होतं. त्यामुळे सोमवारी जायचंच, आजारी आहे गावाला गेलाय असली नाटकं नकोत.

आता बोलायचं काय. पोलिसांपुढच्या जबाबात खोटं बोलायचं नाही, पण ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू ते उत्तर द्यायला कायद्याने बांधील नाही. घटनेचं कलम २०(३) आहे, १९७८ चा नंदिनी सत्पथींचा निकाल आहे, हा हक्क कोर्टात उभं राहिल्यावर नाही तर चौकशीच्या टेबलापासूनच सुरू होतो. त्या जबाबावर सहीही करायची नसते. पोरगं घाबरून म्हणणार "साहेब मला डाउट आला होता पण गरज होती". संपलं. चोरीचा माल बाळगल्याच्या कलमात सगळा प्रश्नच हा असतो की तुला माहीत होतं का किंवा कळायला पाहिजे होतं का. ह्या एका वाक्याने तो त्याचं उत्तर स्वतःच देऊन आला. खरं बोलणं आणि घाबरून काहीही बोलणं ह्यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

आणि मोबाइलमधलं काहीही डिलीट करू नका, मेसेज, कॉल लॉग काही नाही. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि ते मेसेज बहुतेक त्याच्याच उपयोगाचे आहेत.

कर्वेरोडी
पण मॅडम पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालतच नाही असं पण तुम्हीच लोक सांगता. मग बोलला काय आणि नाही बोलला काय, भीती कसली?

काळा कोट, शिवाजीनगर
चालत नाही हे बरोबर, आधी एव्हिडन्स ॲक्टचं २५ होतं आता साक्ष अधिनियमाचं २३. पण त्याच कलमात एक खिडकी आहे. आरोपी कोठडीत असताना त्याने सांगितलं आणि त्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, मेमोरंडम पंचनामा म्हणतात तो हाच. शिवाय कोर्टात न चालणारा जबाब तपासात चालतो ना. त्यावरून कोणाकोणाला उचलायचं, दोषारोपपत्रात ह्याला कुठे बसवायचं, सरकारी वकिलाने जामिनाला काय "से" (लेखी म्हणणं) द्यायचा, हे सगळं त्या बोलण्यावर उभं रहातं. खटला उभा राहून ती कबुली बाद होईपर्यंत पोराचं एमपीएससीचं वय निघून जाईल.

खाकी निवृत्त
३० वर्षं खात्यात काढली, हवालदार म्हणून रिटायर. मॅडमचा कायदा बरोबर आहे पण टेबलाच्या आमच्या बाजूने सांगतो. तपास अधिकाऱ्याकडे एका वेळी फायलींचा ढीग असतो आणि असल्या प्रकरणात त्याला पाहिजे असतो तो अकाउंटं गोळा करणारा, कार्ड देणारं पोरगं नाही. पोरगं कागद घेऊन वेळेवर आलं, कार्ड कुणाला दिलं कधी दिलं त्याचा नंबर काय हे सरळ सांगितलं तर अधिकारी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, पुढं साक्षीदार पण करतो, बघितलंय मी. तेच पहिल्या दिवशी वकील येऊन टेबलावर जजमेंटं आपटायला लागला की साहेबाचं डोकं फिरतं आणि मग कायद्यात बसेल ते सगळंच होतं. वकिलाला फोन करा, सल्ला घ्या, पण त्याला समोरच्या टपरीवर बसवा. आत पोराबरोबर मामा बास.

टिळकरोड टपरी
"कायद्यात बसेल ते सगळंच" हे वाक्य काका किती सहज लिहून गेलात. म्हणजे आपला हक्क वापरला म्हणून साहेब चिडणार, आणि साहेब चिडू नये म्हणून हक्क वापरायचा नाही. मग तो हक्क आहे कशाला, फ्रेम करून लावायला?

खाकी निवृत्त
मी जे होतं ते सांगितलं. जे व्हायला पाहिजे ते मॅडम सांगतायत. सोमवारी पोराला जे होतं त्यातून जायचंय.

बिबवेवाडीकर मी
सगळे प्रतिसाद वाचले आणि राग आला म्हणून लिहितेय. माझ्या बाबांना मागच्या वर्षी डिजिटल अटकेच्या नावाखाली लुटलं. रिटायरमेंटचे पैसे. फोन ठेवू दिला नाही, दार लावायला लावलं, आईला सांगायचं नाही म्हणाले. आम्हाला कळल्यावर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कॉल केला पण तोवर पैसे एका अकाउंटातून दुसऱ्या, तिसऱ्या असे फुटले होते, आणि ती अकाउंटं कुणाची? अशाच "बिचाऱ्या" पोरांची. कुणी कॉलेजचं, कुणी क्लासचं. कार्ड देणारे नसते तर तो सगळा धंदाच चालला नसता. इथे चर्चा काय तर त्याने काय बोलावं काय बोलू नये. माझे बाबा अजून अनोळखी फोन उचलत नाहीत, त्यांना कुठलं कलम आहे?

अभ्यासिकेतला
ताई तुमचा राग शंभर टक्के बरोबर. पण हक्क काढले तर मधे कोण सापडतं ते पण बघा. आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे, २००३ च्या एका खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं, २००९ मधे सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि २०१९ मधे त्याच कोर्टाने सगळे निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. तोपर्यंत आयुष्य गेलं. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी धड वकील असता तर?

बिबवेवाडीकर मी
त्या सहा जणांचं वाईट वाटतंच. पण ते गुन्ह्यात नव्हतेच आणि ह्याने कार्ड स्वतःच्या हाताने दिलं, पैसे घेऊन. दोन्ही एका तराजूत कसे टाकता?

अभ्यासिकेतला
टाकत नाही. कार्ड दिल्याची जी काय शिक्षा असेल ती होऊ दे, पण तुमच्या बाबांना फोन करणाऱ्याची शिक्षा ह्याला नको. ती रेघ कुठे आहे हे कोर्टाला दाखवणारा माणूस लागतो, आरोपी स्वतः घाबरून ती पुसून टाकतो.

मामा, भाच्याला हे पण सांगा. उद्या पोस्ट निघाली तर साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीचा फॉर्म) गुन्हा दाखल आहे का ते विचारतात, तिथे लपवू नका. अवतार सिंग निकाल, २०१६. प्रकरण छोटं असेल आणि खरं लिहिलं असेल तर खातं विचार करू शकतं, लपवलं तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. आमच्या अभ्यासिकेत निम्म्या पोरांना वाटतं एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली तरी करिअर संपलं, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं निर्दोष सुटल्यावर सांगायची गरज नसते. दोन्ही चूक.

कर्वेरोडी
बरं वकील घ्यायचाच म्हटलं तर कोणता? चांगला परवडत नाही आणि परवडतो तो तारखेला येत नाही.

टिळकरोड टपरी
शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० वर फोन केला तरी सांगतात. अटकेत असलेल्या माणसाला, बायकांना, एससी एसटींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कसाबच्या अपिलात २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पहिल्यांदा समोर आणलेल्या आरोपीला तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे.

कर्वेरोडी
फुकटचा वकील आणि फुकटचा सल्ला, दोन्हीची किंमत पुण्यात सगळ्यांना माहितीये.

काळा कोट, शिवाजीनगर
हा टोमणा जुना झाला. आता बऱ्याच ठिकाणी फक्त बचावाचंच काम करणारे पूर्णवेळ वकील प्राधिकरणाने नेमलेत, पॅनेलवरच्यासारखे खाजगी केसेस सांभाळून येणारे नाहीत. सगळे उत्तम आहेत असं नाही म्हणत. खाजगीतले तरी कुठे आहेत.

मामांना पुढचं सांगते, वेळ येऊ नये पण आलीच तर. अटक केली तर कारणं लेखी पाहिजेत आणि त्याला समजणाऱ्या भाषेत, नोव्हेंबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं, अगदीच लगेच देता आलं नाही तर रिमांडला उभं करायच्या निदान दोन तास आधी तरी. घरच्यांना कळवायचं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. नवीन कायद्यात पोलीस कोठडीचे १५ दिवस एकदम न घेता तुकड्यातुकड्याने मागता येतात, हे मला स्वतःला अजिबात आवडलेलं नाही कारण एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली म्हणून निश्वास सोडायची सोय राहिली नाही. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणजे ६० दिवसांत दोषारोपपत्र नाही आलं तर जामीन हक्काने मिळतो, पण तो मागावा लागतो, आपोआप कोणी दार उघडत नाही.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज आत्ताच टाकायचा का ह्यावर आमच्या बार रूममधेच एकमत नाही. मी नोटीस असताना घाई करत नाही, कोर्ट विचारतं नोटीस दिलीय म्हणजे अटकेची भीती कुठाय. पण तक्रारदार दुसऱ्या राज्यातला असेल आणि तिकडेही एफआयआर असेल तर गोष्ट वेगळी. तिकडच्या कोर्टात जाईपर्यंत इथल्या सेशन्स कोर्टाकडून मर्यादित काळाचं संरक्षण मागता येतं, २०२३ चा निकाल आहे. त्यामुळे सोमवारी पहिला प्रश्न हा विचारा की गुन्हा कुठे दाखल आहे आणि एफआयआरची प्रत मिळेल का.

बिबवेवाडीकर मी
ज्याचे पैसे गेले त्याचं काय हे अजून कुणी लिहिलं नाही.

काळा कोट, शिवाजीनगर
लिहिते. अकाउंटात अडकलेले पैसे तक्रारदाराला परत द्या असा अर्ज कोर्टात करता येतो, बीएनएसएस ५०३. खातेदाराने ना हरकत दिली तर काम लवकर होतं, तो अडून बसला तर लांबतं. ३१८(४) मधे फसवला गेलेला माणूस तयार असेल तर कोर्टाच्या परवानगीने तडजोडही होते. म्हणजे वकील फक्त आरोपीच्या फायद्याचं बघतो असं नाही, तुमच्या बाबांसारख्यांचे पैसे ह्या मार्गाने परत आलेले मी पाहिलेत.

सदाशिवपेठी मामा
सगळ्यांचे आभार, कर्वेरोडींचेही. ना हरकत द्यायला भाचा एका पायावर तयार आहे. गंमत म्हणजे दाजीच आता अडून बसलेत, म्हणतात तसं लिहून दिलं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. कालपर्यंत सगळं सांगून टाक म्हणत होते.

काळा कोट, शिवाजीनगर
शब्दरचनेवर आहे ते. हे पैसे माझ्या कमाईचे नाहीत, त्यावर माझा दावा नाही, कोर्ट ज्याला द्यायला सांगेल त्याला द्यावेत. एवढंच. कसे आले कुणी पाठवले त्यावर एक शब्द नाही. पण मी एफआयआर वाचल्याशिवाय हे लिहून देणार नाही, आणि भाच्याने तर मुळीच स्वतःच्या हाताने काही लिहून देऊ नये.

खाकी निवृत्त
ह्यात मॅडमशी सहमत. आणि जे काही कागद द्याल त्याची दुसरी प्रत न्या, ठाणे अंमलदाराकडून शिक्का, तारीख आणि सही घ्या. साहेब बाहेर गेलेत म्हणाले तरी बसून रहा, हजर होतो हे स्टेशन डायरीला आलं पाहिजे. सकाळी जा, दुपारनंतर बंदोबस्त लागला की कुणी भेटत नाही.

कर्वेरोडी
आणि दाजींना घरी ठेवा.