नाईलवरचे चार दिवस : तुमचं काय झालं?

लक्झर ते अस्वान किंवा उलट, तीन-चार रात्री बोटीवर मुक्काम, वाटेत एडफू आणि कोम ओम्बो. ओळखीपाळखीत हल्ली दर दिवाळीला कुणीतरी या फेरीला निघालेलं असतं. देवळांची यादी सहल कंपनीच्या पत्रकात मिळते, इथे ती नको. बोटीवर काय गंमत झाली, कुठे फसलात, कुठे बोलती बंद झाली, ते लिहा.

सुरुवात मीच करते. मला पहिले दोन दिवस दिशाच लागेना. नकाशात अस्वान खाली आणि गाईड म्हणतो, आपण 'वर' चाललोय. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून दक्षिणेचा तो वरचा इजिप्त. वारा मात्र बहुतेक वेळा उत्तरेकडून. जाताना शीड लावायचं, येताना उतरवून प्रवाहावर सोडून द्यायचं. जुन्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणं' लिहायला शीड लावलेली होडी काढत, 'उत्तरेला जाणं' लिहायला शीड उतरवलेली. हे कळल्यावर मी प्रत्येक भिंतीवर होड्याच शोधत हिंडले. नवरा म्हणाला, एवढे पैसे भरून शब्दकोडं सोडवायला आलीस का?

कोल्हापूर

देवळं झकासच, पण मी अडकलो उसात! एडफू सोडलं की काठाला ऊसच ऊस. जानेवारीत गेलो होतो, तोडणी चालू होती. कोम ओम्बोला साखर कारखाना आहे म्हटल्यावर गाईडला विचारलं, रिकव्हरी, म्हणजे उसातून साखर किती पडते? तो बिचारा रामसेस सोडून कशाचाच अभ्यास करून आला नव्हता. अस्वानच्या बाजारात रस प्यायलो, तिकडे 'असब' म्हणतात. आलं-लिंबू काही नाही, नुसता रस. साखरेला 'सुक्कर', बिल मागायचं तर 'हिसाब'. निम्मं काम मराठीत भागलं. 'खलास' म्हटलं की फेरीवालाही जातो, निदान तिसऱ्यांदा म्हटल्यावर.

एक गोष्ट मात्र डेकवरूनच कळते. हिरवा पट्टा किती अरुंद आहे! ऊस, केळी, खजूर आणि मग एकदम पिवळे डोंगर. मध्ये बांधाएवढीही जागा नाही.

ठाणे

एस्नाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? तिथे नदीवर बंधारा आहे. बोट एका अरुंद हौदात घेतात, मागचं दार लावतात आणि पाणी भरून बोट वर चढवतात. आपली पाळी येईपर्यंत बोटी ताटकळतात आणि त्यांच्याभोवती होड्यांतून फेरीवाले जमतात. खालून ओरडून भाव सांगायचा आणि झगे, चादरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर भिरकावायच्या. आवडलं नाही तर परत फेका, आवडलं तर पिशवीत पैसे घालून फेका. सासूबाईंचं आयुष्य दादरला घासाघीस करण्यात गेलेलं. त्यांनी तीन मजल्यांवरून भाव निम्म्यावर आणला. टेबलक्लॉथ वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. पैसे फेकताना माझा नेम चुकला आणि पिशवी पाण्यात. त्याने वल्ह्याने ती काढली, नोटा निथळल्या आणि सासूबाईंना सलाम ठोकला.

पुणे

थोडक्यात लिहितो. 'नदीदर्शनी खोली' म्हणून जादा पैसे भरले होते. पण धक्क्यावर बोटी एकमेकींना चिकटून लावतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. लक्झरला सकाळी पडदा सरकवला तर हातभर अंतरावर शेजारच्या बोटीतले आजोबा दात घासत होते. किनाऱ्यावर जायचं तेही दुसऱ्या बोटींच्या दिवाणखान्यांतून. 'सर्व खर्च समाविष्ट' हेही तसंच, पोचल्या पोचल्या टिपांचं पाकीट हातात दिलं. एडफूला घोडागाडीत चढण्याआधी भाव ठरवा, तरी उतरताना वेगळं मागतातच. शब्दही आपलाच, 'बक्षीश'.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. कुशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा. ऐकायला भयंकर वाटतं, मी तीनदा खाल्ली.

इंदापूर

आमच्या आजोळची जमीन उजनीच्या पाण्यात गेली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी आटलं की वर येतं, ते लहानपणापासून पाहत आलोय. म्हणून अस्वानजवळच्या फिलेच्या देवळात माझं जरा वेगळं झालं.

अस्वानचं जुनं धरण १९०२ चं. त्यानंतर फिलेचं इसिस देवीचं देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात असायचं, प्रवासी खांबांमधून होडी फिरवायचे. मग १९६० मध्ये उंच धरणाचं काम सुरू झालं. पुढे युनेस्कोच्या मोहिमेत देवळाचा दगड न् दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचला. अबू सिंबेलचं तर १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातून कापून साधारण ६५ मीटर वर नेलं. अभियांत्रिकी म्हणून थक्क व्हायला होतं, खोटं कशाला बोलू. पण फिलेच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून आहे. सगळे मूर्तींचे फोटो काढत होते, मी त्या रेघेपाशी उभा राहिलो. आमच्या देवळालाही अशीच आहे.

दुपारी होडीने नुबियन, म्हणजे इथल्या दक्षिणेकडच्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीत नेलं. निळी-पिवळी घरं, टाकीत ठेवलेली मगर, लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा. सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं, हेही दिसत होतं. घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, मूळ गाव कुठलं? त्यांनी दक्षिणेकडे हात केला आणि मग तो उपडा करून खाली दाबला. धरणाच्या पाण्यापायी १९६३-६४ मध्ये हजारो नुबियनांना कोम ओम्बोच्या बाजूला हलवलं होतं. मी माझ्याकडे बोट दाखवून तसाच हात केला. त्यांनी दुसरा पेला भरला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

नाशिक

माझं वय ७१. कोम ओम्बोला मी उतरलेच नाही. लेक चिडली, "आई, एवढ्या लांब येऊन?" पण देऊळ काठावरच आहे, डेकवरून सबंध दिसतं, आणि गुडघे माझे आहेत. दुपारचे चार वाजले होते. इंजिन बंद झाल्यावर पहिल्यांदाच नदीचा आवाज ऐकू आला. पलीकडच्या काठाला एक बाई भांडी घासत होती, मागे म्हशी पाण्यात बसलेल्या. एक काळा-पांढरा खंड्या हवेत एका जागी थरथरायचा आणि दगड पडावा तसा पाण्यात पडायचा. सहा वेळा पडला, मासा दोनदा मिळाला.

लेक मगरींच्या ममींचे चाळीस फोटो घेऊन आली. ते सगळे बघितले. मग तिला खंड्या दाखवला. म्हणाली, "हा तर नांदूरमध्यमेश्वरलाही असतो."

असतो की.