स्लॉटवर लागलेले ३२०० डॉलर आणि सासऱ्यांचे कापलेले ४५०, रिटर्नमध्ये नक्की काय दाखवायचं?

मिडलसेक्सकर

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही एच-१बी वर, रिटर्न जॉइंट भरतो. वर्षातनं अधूनमधून मित्रमंडळींबरोबर अटलांटिक सिटीला जाणं होतं, बोर्डवॉकवर फिरायचं, जेवायचं आणि मग थोडा वेळ कॅसिनोत स्लॉट मशीन, एवढंच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला नवऱ्याला एका मशीनवर ३२०० डॉलर लागले. मशीन जागच्या जागी लॉक झालं, वरचा दिवा लागला, स्क्रीनवर हँड पे असं आलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी एक बाई आली, तिने लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर घेतला, सही घेतली, नोटा मोजून हातात ठेवल्या आणि सोबत डब्ल्यू-२जी, म्हणजे जुगारात जिंकल्याच्या टॅक्स फॉर्मचा कागद दिला. टॅक्स एक पैसाही कापला नाही.

आता सॉफ्टवेअरमध्ये तो फॉर्म टाकला तर अख्खे ३२०० उत्पन्नात धरले गेले. आम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहोत म्हणजे सरळ ७०४ डॉलर फेडरल टॅक्स वाढला. पण वर्षभराचा हिशोब केला तर आम्ही जिंकण्यापेक्षा हरलोच जास्त आहोत, आणि हरलेले पैसे टाकले तर आकडा हलतच नाही!! त्याच दिवशीसुद्धा जॅकपॉटच्या आधी ४०० मशीनमध्ये गेले होते आणि नंतर अजून १३०० परत गेले.

दुसरी गोष्ट, डिसेंबरात सासरे पुण्याहून आले होते, व्हिजिटर व्हिसावर. त्यांना स्लॉटवर १५०० लागले तर पासपोर्ट बघून कॅसिनोने ४५० कापून १०५० हातात दिले. त्याआधी रुलेटवर ते २०० जिंकले होते तिथे कुणी काही विचारलंही नाही. हे असं का? ते ४५० परत मिळतील का?

आणि ऑफिसातला एक जण म्हणतो की २०२६ पासून २००० च्या आत जिंकलं तर टॅक्सच नाही. आमची ग्रीन कार्डची फाइल चालू आहे त्यामुळे जुगाराचा फॉर्म नावावर आला याचीच जास्त धास्ती वाटते आहे.

हिशोबी_काकू

ताई, मी बरीच वर्षं इथे रिटर्न्स करते आहे, फेब्रुवारी आला की हा प्रश्न येतोच. आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, फॉर्म आला म्हणून टॅक्स लागत नाही आणि फॉर्म नाही आला म्हणून टॅक्स सुटत नाही. अमेरिकेत जिंकलेला प्रत्येक डॉलर उत्पन्न आहे, डब्ल्यू-२जी म्हणजे फक्त कॅसिनोने आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याला, दिलेली खबर. स्लॉटला ती १२०० डॉलरपासून द्यावी लागायची आणि हा आकडा १९७७ पासून तसाच होता, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. ब्लॅकजॅक, रुलेट, क्रॅप्सच्या टेबलवर नेहमीच्या जिंकण्याला हा फॉर्म निघतच नाही, म्हणून तिथे कुणी विचारत नाही.

हरलेले पैसे टाकून आकडा का हलत नाही, तर जिंकलेले जातात रिटर्नच्या शेड्यूल १ या जोडपत्रावर थेट उत्पन्नात, आणि हरलेले जातात शेड्यूल ए वर, म्हणजे आयटमाइझ केलं (एकेक वजावट वेगळी मांडली) तरच. २०२५ साठी जॉइंटचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, ३१,५०० आहे. ते घेतलंत की हरलेल्याचा फेडरलला शून्य उपयोग. अधूनमधून खेळणाऱ्या माणसावर खरा अन्याय होतो तो इथेच. रोज खेळणारे लोक हिशोब ठेवतात, आयटमाइझ करतात, आणि वर्षातनं काही वेळा गंमत म्हणून जाणारा माणूस हरूनसुद्धा टॅक्स भरतो. मला हे पटत नाही पण नियम असाच आहे.

पण तुमचं स्वतःचं घर असेल तर थांबा. २०२५ पासून स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या डिडक्शनची मर्यादा १०,००० वरून ४०,००० झाली आहे. जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स, स्टेट इन्कम टॅक्स आणि मॉर्गेजचं व्याज धरलं तर तुमच्यासारखे खूप जण यंदा पुन्हा आयटमाइझमध्ये जातील, तसं झालं तर ३२०० पर्यंतचा लॉस पूर्ण वापरता येईल. आणि न्यू जर्सी स्टेटला तर त्याच वर्षातलं हरलेलं जिंकलेल्यातून वजा करूनच आकडा दाखवायचा असतो, तिथे आयटमाइझची भानगडच नाही. बरीच मंडळी स्टेटला पण अख्खी रक्कम टाकून मोकळी होतात, तसं करू नका.

कोथरूड_ते_क्लिफ्टन

काकूंनी सेशनचं नाही सांगितलं म्हणून मी सांगतो, कारण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तोच एक रस्ता आहे. आयआरएसच्याच वकिलांचा २००८ चा एक मेमो आहे की स्लॉट खेळणाऱ्याचा नफातोटा प्रत्येक बटण दाबण्यावर मोजायचा नाही, खेळायला बसल्यापासून उठेपर्यंत एकत्र मोजायचा. मग २०१५ मध्ये त्यांनी नोटीस काढली, २०१५-२१ नंबरची, त्यात एका कॅसिनोतला एका कॅलेंडर दिवसाचा स्लॉटचा खेळ म्हणजे एक सेशन असा प्रस्ताव होता. तो शेवटपर्यंत प्रस्तावच राहिला, नियम झाला नाही, पण सेशनची कल्पना मान्य आहे.

तुमच्या त्या दिवसाचं बघा, ३२०० आले, आधीचे ४०० गेले आणि नंतरचे १३०० गेले, म्हणजे सेशनचे १५०० राहिले. त्यावर २२ टक्क्यांनी ३३० होतात, ७०४ नाही. मात्र आयआरएसच्या कॉम्प्युटरकडे ३२०० चा फॉर्म गेलेला आहे, त्यामुळे नुसते १५०० लिहून मोकळे झालात तर सीपी२००० चं, म्हणजे आकडे जुळत नाहीत असं, आयआरएसचं पत्र येण्याची शक्यता आहे, म्हणून ३२०० दाखवून खाली सेशनची वजावट वेगळी दाखवायची आणि सोबत स्टेटमेंट जोडायचं. आणि हे सगळं कागद असतील तरच. प्लेयर्स कार्ड (खेळाची नोंद ठेवणारं कॅसिनोचं कार्ड) मशीनमध्ये घातलं होतं का त्या दिवशी? घातलं असेल तर कॅसिनोकडे त्या तारखेचा हिशोब मागा, एटीएमच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट काढा. दुसऱ्या कॅसिनोत किंवा दुसऱ्या दिवशी हरलेलं मात्र या सेशनमध्ये घालता येत नाही.

हार्टफर्डवाला

आमच्याकडे कनेक्टिकटला तर याहून वाईट, इथे राहणाऱ्याला स्टेट टॅक्समध्ये हरलेलं वजाच करू देत नाहीत, फेडरलला आयटमाइझ केलं तरी. मोहेगन सन कॅसिनो घराजवळ आहे म्हणून जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहितीच नसतं. आणि तुम्ही जर्सीवाले पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमच्या कॅसिनोत जाता ना, तिथे जिंकलात तर पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के टॅक्स लागतो, तिथलं नॉनरेसिडेंट रिटर्न भरायचं आणि जर्सीत क्रेडिट घ्यायचं. पगाराचा जो दोन राज्यांचा करार आहे तो जुगाराला लागू नाही.

ऑफिसातल्या माणसाचं अर्धवट खरं आहे. ४ जुलै २०२५ ला जो मोठा कायदा झाला त्यात स्लॉटच्या फॉर्मची मर्यादा २०२६ पासून १२०० ची २००० केली आहे, आणि पुढे महागाईप्रमाणे वाढणार. म्हणजे १८०० लागले तर मशीन लॉक होऊन कागद हातात येणार नाही इतकंच, ते १८०० करपात्र आहेतच. आणि त्याच कायद्यात दुसऱ्या हाताने काढून घेतलंय, २०२६ पासून हरलेल्यापैकी फक्त ९० टक्केच वजा होणार. १०,००० जिंकले आणि १०,००० हरले तरी ९,००० च वजा, उरलेल्या १,००० वर टॅक्स, जे कधी खिशात आलेच नाहीत. हे अत्यंत चुकीचं आहे असं माझं मत. नेवाडाच्या खासदार डीना टायटस यांनी ते पुन्हा १०० टक्के करायचं विधेयक आणलंय.

सदाशिवकर

सासऱ्यांच्या ४५० बद्दल मी लिहितो, कारण भारताची बाजू कुणी बघतच नाही. अमेरिकेत नॉनरेसिडेंट माणसाच्या स्लॉटच्या जिंकण्यावर सरळ ३० टक्के कापतात. यूके, जर्मनी, जपान अशा बऱ्याच देशांच्या करारात ते माफ आहे, भारताच्या करारात नाही. ब्लॅकजॅक, बॅकराट, क्रॅप्स, रुलेट आणि बिग-६ व्हील हे मात्र नॉनरेसिडेंटला कायद्यानेच करमुक्त आहेत म्हणून रुलेटचे २०० सुटले.

परत मागायचे तर १०४०-एनआर हे नॉनरेसिडेंटचं रिटर्न भरावं लागेल, त्यासाठी आधी आयटीआयएन हा टॅक्स नंबर, त्यासाठी डब्ल्यू-७ अर्ज आणि पासपोर्टची प्रमाणित प्रत. हरलेलं वजा करू देत नाहीत, पण २०१३ मध्ये पार्क नावाच्या एका कोरियन माणसाच्या केसमध्ये डी.सी. सर्किट कोर्टाने सांगितलं की नॉनरेसिडेंटलाही सेशनप्रमाणे मोजता येतं. समजा काका त्या दिवशी स्लॉटवर ७०० हरले होते तर सेशनचे ८०० राहतात, त्यावर २४० टॅक्स आणि २१० परत.

पण आता इकडे भारतात या. काका भारताचे रहिवासी आहेत म्हणजे जगात कुठेही जिंकलेलं इथे दाखवायचं. इथे आयकर कायद्याच्या ११५बीबी कलमाखाली सरळ ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२, आणि हरलेलं काहीही वजा होत नाही, मूळ सूट मर्यादेचा पण फायदा नाही. गोव्याच्या बोटीवर जिंकणाऱ्याला जो नियम तोच. तिकडे कापलेल्या ४५० चं क्रेडिट फॉर्म ६७ भरून मिळतं, मग त्या १५०० वर इथे भरायचे राहतात साधारण १८ डॉलरएवढे रुपये. तिकडून २१० परत आणलेत तर इथलं क्रेडिट तेवढंच कमी होणार, म्हणजे ते पैसे एका सरकारकडून घेऊन दुसऱ्याला द्यायचे. त्यासाठी पासपोर्ट प्रमाणित करत बसू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मार्चमध्ये कॅसिनोकडून १०४२-एस, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा दाखला, येईल तो जपून ठेवा आणि काकांना सांगा की यंदा आयटीआर-१ चालणार नाही, २ भरायचा.

मिडलसेक्सकर

सगळ्यांचे खूप खूप आभार, आमच्या सीपीएने (अकाउंटंटने) तर दोन वाक्यांत कटवलं होतं. घर आमचं स्वतःचं आहे, आत्ताच बेरीज केली तर प्रॉपर्टी टॅक्स, स्टेट टॅक्स आणि व्याज मिळून ३१,५०० च्या वर जातंय! म्हणजे आयटमाइझच करणार. सासऱ्यांना १०४२-एस आणि आयटीआर-२ चं फोनवर सांगते. प्लेयर्स कार्ड नवऱ्याचं होतं, माझ्याकडे नव्हतं, मी हरलेलं कसं दाखवायचं मग? आणि ग्रीन कार्डचं कुणीतरी सांगा प्लीज.

हिशोबी_काकू

जॉइंट रिटर्नमध्ये दोघांचं हरलेलं दोघांच्या जिंकलेल्यातून चालतं. तुमच्याकडे कार्ड नव्हतं तर बँकेतून त्या त्या दिवशी काढलेले पैसे आणि तारखा बघून जेवढं खरोखर सिद्ध होतंय तेवढंच टाका, अंदाजे गोल आकडा नको. यापुढे फोनमध्येच लिहीत जा, तारीख, कॅसिनोचं नाव आणि पत्ता, कुठला खेळ, सोबत कोण होतं, किती घेऊन बसलो आणि किती घेऊन उठलो. आयआरएस डायरीत हेच मागते. कॅसिनोचं वर्षाचं विन-लॉस स्टेटमेंट पण मागवा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

ग्रीन कार्डचं म्हणाल तर कायद्यात सद्वर्तनाच्या कलमात जी अडचण आहे ती बेकायदेशीर जुगारावर मुख्यतः पोट भरणाऱ्याला आणि जुगाराच्या गुन्ह्यात दोनदा शिक्षा झालेल्याला, आणि तेही सिटिझनशिपच्या वेळी बघतात. परवाना असलेल्या कॅसिनोत मिळालेला आणि रिटर्नवर दाखवलेला डब्ल्यू-२जी त्यात येत नाही. अडचण होईल ती तो लपवलात तर. वकिलांना एकदा कळवून ठेवा, आणि रिटर्न भरायच्या आधी शेड्यूल ए ची प्रिंट काढून मला आकडे टाका, बघून सांगते.